चित्रमालिका संस्करण
चित्रमालिका संस्करण : एकाच दृश्याची ठरावीक क्रमाने किंवा कालांतराने घेतलेली अनेक चित्रे संगणकाच्या साहाय्याने एकत्रितपणे सुधारणे, परस्परांशी जुळविणे व त्यांपासून चलच्चित्र अथवा मोजमापे सिद्ध करणे या प्रक्रियेस चित्रमालिका संस्करण असे म्हणतात. मालिकेतील प्रत्येक चित्रास चौकट ही संज्ञा आहे. एकट्या छायाचित्राचे संपादन आणि मालिकेचे संस्करण यांत मूलभूत फरक आहे. एकट्या छायाचित्रात जो दोष डोळ्यांना जाणवतही नाही, तोच दोष मालिकेत चौकटीगणिक कमीअधिक होत राहिल्यास ठळकपणे दिसतो. कारण मानवी दृष्टी स्थिर तपशिलापेक्षा बदलाला अधिक संवेदनशील असते. उलटपक्षी एकट्या चित्रात भरून न काढता येणारी उणीव मालिकेतील शेजारच्या चौकटींच्या आधारे भरून काढता येते. जुन्या चित्रपटांचे पुनरुज्जीवन, कालसंक्षेपी चित्रण (मंद गतीने घडणाऱ्या घटना वेगाने दाखविणारे चित्रण), सचेतनपट, सूक्ष्मदर्शकीय निरीक्षण, ज्योतिषशास्त्र इ. क्षेत्रांत या प्रक्रियेचा उपयोग होतो.

इतिहास : क्रमवार छायाचित्रे घेण्याचा यशस्वी प्रयोग एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये अमेरिकेत केला. धावत्या घोड्याच्या हालचाली त्यांनी ओळीने मांडलेल्या अनेक कॅमेऱ्यांनी टिपल्या. फ्रान्समध्ये एत्येन-झ्यूल मारे यांनी १८८२ पासून एकाच कॅमेऱ्याने हालचालींची क्रमवार चित्रे घेतली. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी १९१० साली फुले उमलण्याची क्रिया कालसंक्षेपी पद्धतीने चित्रित केली.

महाराष्ट्रात या प्रकारच्या चित्रणाचा आरंभ धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांच्या अंकुराची वाढ या लघुपटापासून होतो. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा व इतर साहित्य घेऊन परतल्यावर त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याला अंकुर फुटून त्याचे रोप कसे होते, हे ठरावीक कालांतराने एकेक चौकट टिपून दाखविले. चित्रपटनिर्मितीसाठी भांडवल मिळविण्याच्या कामी हा लघुपट उपयोगी पडला आणि त्यातून उभा राहिलेला राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी मुंबईतील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. फाळके यांनी आगकाड्यांची मौज या लघुपटात आगकाड्या थोड्याथोड्या हलवून त्यांची चौकटवार चित्रे घेतली. या दोन्ही प्रयोगांत चौकटींचा क्रम, प्रकाशाची एकसमानता आणि कॅमेऱ्याची स्थिरता या तिन्ही गोष्टी हातानेच सांभाळाव्या लागल्या. आजच्या संगणकीय संस्करणातील बहुतेक अडचणी याच तीन गोष्टींशी निगडित आहेत.

संगणकाचा वापर विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात वाढला. ईस्टमन कोडॅक कंपनीने विकसित केलेल्या सिनिऑन प्रणालीने चित्रपटाची चौकट अंकीय रूपात आणून ती पुन्हा फिल्मवर उतरविणे शक्य केले. स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स (१९३७) हा सचेतनपट १९९३ मध्ये संपूर्णपणे अंकीय रूपात आणून दुरुस्त करण्यात आला. सिनिऑनच्या फाइलरचनेवर आधारित डीपीएक्स ही रचना १९९४ मध्ये प्रमाणित झाली. तीत प्रत्येक चौकट ही स्वतंत्र फाइल असते.

सर्वसाधारण छायाचित्रांसाठी तयार केलेल्या संपादन-आज्ञावल्या (सॉफ्टवेअर) मालिकांसाठी वापरताना ज्या उणिवा जाणवल्या, त्यांचे बोलके उदाहरण म्हणजे गिम्प ही मुक्त आज्ञावली होय. तीत प्रत्येक मूळ रंगाच्या फक्त २५६ पातळ्यांची सोय असल्याने ती चित्रपटाच्या कामास अपुरी पडे. म्हणून तिच्यापासून फिल्म गिम्प ही वेगळी शाखा निघाली व पुढे ती सिनेपेंट या नावाने ओळखली जाऊ लागली. तीत रंगांच्या अधिक पातळ्या तर होत्याच, शिवाय पुस्तकाची पाने झरझर उलटावीत तशा लागोपाठच्या चौकटी पाहण्याची सोयही होती. तथापि ती जुन्या पायावर उभारलेली असल्यामुळे नव्या संगणकांवर चालविणे उत्तरोत्तर कठीण होत गेले. मूळ गिम्पमध्ये अधिक पातळ्यांची सोय २०१८ मधील २.१० या आवृत्तीने आली. आज्ञावलीत नवी सोय जोडण्याइतकेच तिचा पाया अद्ययावत ठेवणेही आवश्यक असते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.

मालिकेचे आकारमान : दोष का उद्‌भवतात हे समजण्यासाठी प्रथम आकारमानाची कल्पना असणे इष्ट आहे. चित्रपटाची पूर्ण चौकट उच्च विभेदनाने अंकीय रूपात आणल्यास तीत ४,०९६ × ३,११२, म्हणजे सु. १ कोटी २७ लाख पिक्सेल (चित्राचे सर्वांत लहान घटक) असतात. डीपीएक्स रचनेत प्रत्येक मूळ रंगास १० बिट याप्रमाणे एका पिक्सेलसाठी ४ बाइट लागतात. त्यामुळे एक चौकट सु. ५१ मेगॅबाइट भरते. बोलपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी होतात व त्यांना सु. ८·८ टेराबाइट जागा लागते. संस्करण चालू असताना हीच चौकट प्रत्येक रंगास ३२ बिट या अचूकतेने स्मृतीत उलगडल्यास ती सु. १५३ मेगॅबाइट होते. अशा केवळ शंभर चौकटी एका वेळी उघडल्या, तरी १५ गिगॅबाइटांहून अधिक स्मृती व्यापली जाते.

दोष व त्यांचे निवारण : मालिका संस्करणातील दोषांचे स्थूलमानाने पुढील सहा प्रकार करता येतात.

(१) क्रमदोष : चौकटींची नावे १, २, ३ ... १०, ११ अशी असल्यास अनेक आज्ञावल्या ती शब्दकोशाच्या क्रमाने लावतात. परिणामी १ नंतर १०, ११ या चौकटी येतात आणि २ मागे पडते. चलच्चित्र मधूनच उड्या मारू लागते. यावर उपाय म्हणजे सर्व क्रमांक समान अंकसंख्येचे (उदा., ००००१, ००००२) करणे. बहुतेक कॅमेऱ्यांतील क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा आरंभापासून सुरू होतो. म्हणून दीर्घ मालिकेत नाव बदलण्याचे काम चित्र घेतल्याच्या वेळेनुसार करावे लागते. विद्युत् घट संपल्याने कॅमेऱ्याचे घड्याळ मागे गेलेले नाही, याची खात्री त्याआधी करणे जरूर असते. मधलीच एखादी चौकट गहाळ असल्यास क्रमांकावरून फाइली वाचणारी एफएफएमपेगसारखी आज्ञावली त्या ठिकाणी मालिका संपली असे समजून थांबते. तयार चलच्चित्र अपेक्षेपेक्षा आखूड निघाल्यास प्रथम खंडित क्रमांकाचा शोध घ्यावा.

(२) स्मृतिदोष : संपूर्ण मालिका एकाच वेळी उघडू पाहणारी आज्ञावली काही चौकटींनंतर मंद होते किंवा बंद पडते. इमेजमॅजिकसारख्या आज्ञावलीत स्मृतिवापराच्या मर्यादा वेगळ्या फाइलीत नोंदलेल्या असतात व त्या ओलांडल्यास काम नाकारले जाते. मर्यादा वाढविणे हा तात्पुरता उपाय होय. एका वेळी एक चौकट, किंवा शेजारच्या चौकटींची गरज असल्यास पाच-सात चौकटींची सरकती खिडकी, एवढेच स्मृतीत ठेवणे हा खरा उपाय आहे. काही वेळा काम संपल्यावरही आज्ञावली स्मृती मोकळी करीत नाही. हे ओळखण्यासाठी एकच चौकट हजार वेळा संस्करित करून पाहतात. स्मृतीचा वापर दर फेरीला वाढत असल्यास दोष चित्रात नसून आज्ञावलीत आहे असे सिद्ध होते.

(३) वर्णदोष : फिल्मवरून घेतलेल्या चौकटींतील मूल्ये बहुधा लॉगरिथमी प्रमाणात नोंदलेली असतात. आज्ञावलीने ती सरळ प्रमाणातील समजल्यास चित्र फिके व धुरकट दिसते. असे चित्र हाताने गडद करणे ही चूक ठरते. फाइलीच्या प्रारंभी असलेली प्रमाणाची नोंद दुरुस्त करणे हा योग्य उपाय होय. चलच्चित्राच्या काही रचनांत काळ्या रंगाचे मूल्य ० ऐवजी १६ व पांढऱ्याचे २५५ ऐवजी २३५ धरतात. दोन टप्प्यांत वेगवेगळी प्रमाणे गृहीत धरली गेल्यास काळे करडे होते किंवा सावलीतील तपशील नाहीसे होतात. २५६ पातळ्यांच्या चित्रावर वारंवार फेरफार केल्यास आकाशासारख्या मंद उताराच्या भागात पट्टे उमटतात. म्हणून मधले सर्व टप्पे अधिक पातळ्यांत करून शेवटीच पातळ्या कमी करतात.

(४) लुकलुक : चौकटीचौकटीत प्रकाश कमीजास्त झाल्याने हा दोष निर्माण होतो. कॅमेऱ्याचे स्वयंचलित उद्‌भासन, भिंगाचे छिद्र दर वेळी किंचित वेगळे मिटणे, जुन्या फिल्मवरील रसायनक्रियेची असमानता इ. त्याची कारणे आहेत. भारतातील विद्युत् पुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्याने दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. झडप १/१०० किंवा १/५० सेकंद उघडी ठेवल्यास या फरकाचा परिणाम टळतो. संस्करणात प्रत्येक चौकटीची सरासरी तेजस्विता काढून ती आसपासच्या चौकटींच्या सरकत्या सरासरीशी जुळवितात. सरकती खिडकी फार लहान घेतल्यास लुकलुक राहते. फार मोठी घेतल्यास पहाट, सूर्यास्त, ढगांची सावली यांसारखे खरे बदलही पुसले जातात.

(५) थरथर : फिल्मच्या कडेची छिद्रे फाटल्यास वा फिल्म आक्रसल्यास चौकट जागच्या जागी हलताना दिसते. चित्रातील स्थिर खुणा ओळखून प्रत्येक चौकट योग्य अंतराने सरकविणे हा उपाय आहे. मात्र प्रत्येक चौकट केवळ आधीच्या चौकटीशी जुळविल्यास लहान लहान चुकांची बेरीज होत जाऊन दृश्य हळूहळू एका बाजूस सरकते. त्याकरिता मधूनमधून एखादी प्रमाण चौकट निश्चित करून तिच्याशी जुळणी पडताळतात.

(६) डाग व ओरखडे : फिल्मवरील धूलिकण सामान्यतः एकाच चौकटीत आढळतो. म्हणून लागोपाठच्या तीन चौकटींतील एकाच जागेच्या मूल्यांचा मध्यक घेतल्यास तो नाहीसा होतो. हलणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत आधी गतीचा अंदाज बांधून वस्तू एकमेकींवर आणाव्या लागतात; अन्यथा हातपाय तुटक दिसू लागतात. उभे ओरखडे अनेक चौकटींत एकाच जागी टिकून राहतात. त्यामुळे त्यांना मध्यकाची रीत लागू पडत नाही व ते बाजूच्या पिक्सेलांवरून भरून काढावे लागतात.

एक उदाहरण : रायगड जिल्ह्यात पेण ते रोहे या टापूत, मुंबई–गोवा महामार्गावर नागोठणे व कोलाड यांच्या दरम्यान खांब हे गाव आहे. समजा, येथील एका भातखाचरावर कॅमेरा रोखून पेरणीपासून कापणीपर्यंत १२० दिवस सकाळी ६ ते सायंकाळी ६ या वेळात दर अर्ध्या तासाने एक चित्र घेतले. दिवसाला २५ याप्रमाणे ३,००० चौकटी मिळतील व सेकंदाला २४ चौकटी या गतीने त्यांचे चलच्चित्र दोन मिनिटे पाच सेकंदांचे होईल. राब भाजलेल्या काळ्या जमिनीवर आवण उगवणे, चिखलणी, लावणी, खाचर हिरवे होणे व शेवटी पिवळे पडणे हा सर्व क्रम त्यात दिसेल. परंतु कोकणच्या पावसात वर वर्णिलेले बहुतेक दोष एकत्र येतात. ढगांमुळे उजेड सतत पालटतो. भिंगावर बाष्प धरते व ते पुसताना कॅमेरा किंचित हलतो. धुके उतरल्यावर मागचे डोंगर दिसेनासे होतात.

अशा मालिकेत जुळणी करणाऱ्या आज्ञावलीला धुक्याच्या चौकटीत स्थिर खुणा सापडत नाहीत. तरीही ती काही तरी उत्तर देते व ती चौकट भलतीकडेच सरकते. सुधारलेल्या आज्ञावलीत जुळणीच्या विश्वसनीयतेचे माप काढून, ते ठरावीक मर्यादेखाली असल्यास, आधीच्या खात्रीच्या चौकटीचे अंतर वापरण्याची तरतूद असावी लागते. तेजस्विता जुळविताना संपूर्ण चौकटीची सरासरी घेतल्यास आकाशाचा प्रभाव अधिक पडतो. म्हणून केवळ खाचराचा भाग निवडणे श्रेयस्कर असते. पिकाचा रंग मोजून त्याच्या वाढीचा अभ्यास करावयाचा असल्यास मात्र लुकलुक काढलेल्या चौकटी मुळीच वापरू नयेत, कारण त्यांतील मूल्ये बदललेली असतात. दृश्याच्या चौकटीत एक करड्या रंगाची पाटी कायम ठेवून तिच्या आधारे प्रत्येक चौकट सुधारल्यास मोजमाप विश्वसनीय राहते.

दोषशोधनाची पद्धत : मोठ्या मालिकेवर प्रयोग करण्यात वेळ व्यर्थ जातो. म्हणून दोष ज्या चौकटीपासून दिसू लागतो, तिच्या आसपासच्या दहा-बारा चौकटी वेगळ्या काढून तोच दोष त्यांत पुन्हा घडतो का ते पाहतात. घडल्यास एका वेळी एकच बाब बदलून कारण शोधतात. दोष पुन्हा घडत नसल्यास तो चौकटींच्या संख्येशी, पर्यायाने स्मृतीशी अथवा साठवणुकीच्या जागेशी, निगडित असण्याचा संभव असतो. दुसरी उपयुक्त रीत म्हणजे कृत्रिम मालिका तयार करणे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या ज्ञात पातळ्यांचा पट्टा आणि प्रत्येक चौकटीवर तिचा क्रमांक छापलेली अशी मालिका संस्करणातून काढल्यास कोणती चौकट गळली, कोणती दोनदा आली व कोणती पातळी बदलली, हे तत्काळ उघड होते. आज्ञावलीची नवी आवृत्ती स्वीकारण्यापूर्वी ही कसोटी घेणे हितावह ठरते.

आज्ञावलीतील सुधारणा : मालिकेसाठी उपयुक्त ठरणाऱ्या सुधारणांत पुढील गोष्टी महत्त्वाच्या आहेत. मूळ चौकटीत फेरफार न करता केवळ सूचनांची नोंद ठेवावी, म्हणजे चूक आढळल्यास मूळ चौकटी अबाधित राहतात. तयार होणारी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावरच तिला अंतिम नाव द्यावे. त्यामुळे वीज गेल्यास अर्धवट फाइल पूर्ण समजली जात नाही व काम खंडित झालेल्या ठिकाणापासून पुढे सुरू करता येते. पाहण्यासाठी लहान आकाराच्या प्रतिरूप चौकटी वापरून अंतिम संस्करण पूर्ण आकारात करावे. एका चौकटीत बिघाड आढळल्यास आज्ञावलीने तो नोंदवून पुढे जावे, पण शेवटी अशा चौकटींची यादी न चुकता द्यावी; मूकपणे वगळलेली चौकट हा सर्वांत घातक दोष होय. चौकटी परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर काम अनेक प्रक्रियकांत वाटून वेळ वाचतो. परंतु लुकलुक व डाग काढण्याच्या क्रियांना शेजारच्या चौकटी लागतात. म्हणून प्रत्येक वाट्याच्या दोन्ही टोकांना काही सामाईक चौकटी द्याव्या लागतात. नाही तर वाट्यांच्या सांध्यावर प्रकाशाची पायरी दिसते.

जतनकार्य व मर्यादा : या तंत्रास भारतात विशेष महत्त्व आहे, कारण मूकपटांच्या काळातील बहुतेक चित्रपट नष्ट झाले आहेत. सु. १९५० पर्यंत वापरली जाणारी नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते, तर नंतरची ॲसिटेट फिल्म दमट हवेत कुजून आंबूस वास येऊ लागतो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना पुणे येथे १९६४ मध्ये झाली व पी. के. नायर (१९३३–२०१६) यांनी तेथील संग्रह उभारला. राजा हरिश्चंद्रच्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे उपलब्ध आहेत व तीही नंतरच्या, १९१७ मधील आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासक मानतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील आगीत या संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. मुंबईतील फिल्म हेरिटेज फाउंडेशन (स्थापना २०१४) या संस्थेने श्याम बेनेगल यांचा मंथन (१९७६) हा चित्रपट पुनरुज्जीवित केला व तो २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखविण्यात आला.

जेथे मूळ सामग्री इतकी थोडी उरली आहे, तेथे संस्करणातील चूक केवळ तांत्रिक राहत नाही. स्वयंचलित रीतीने डाग काढताना पावसाच्या धारा, ठिणग्या, उडणारी धूळ, पाण्यावरील चमक हीसुद्धा डाग समजून पुसली जातात. फिल्मचा नैसर्गिक रवाळपणा घालविल्यास चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित आज्ञावल्या हरवलेला तपशील स्वतःच रचून भरतात. असे चित्र आकर्षक दिसले, तरी त्यातील तपशील मूळ छायालेखकाने टिपलेला नसतो व पुराव्याच्या दृष्टीने त्याला मूल्य नसते. म्हणून संस्करणपूर्व चौकटी कायम जपणे, केलेल्या प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणे आणि स्वयंचलित क्रियेने बदललेल्या जागा मूळ चौकटींशी ताडून मानवी डोळ्यांनी तपासणे हे जतनकार्यातील नियम मानले जातात. आज्ञावली कितीही सुधारली, तरी नष्ट झालेली चौकट ती परत आणू शकत नाही. उरलेली चौकट तिच्याकडून बिघडणार नाही, एवढी काळजी मात्र घेता येते.